ओल्या पोत्यातल्या गोळ्या

माझ्या थोरल्या दिरांशी मी चौदा वर्षांत एकदाच तोंड उघडून बोलले. आमच्याकडं सुनेनं थोरल्या दिरासमोर बोलायची रीत नाही. काही सांगायचं असेल तर सासूला सांगायचं, मग सासू त्यांना सांगते, ते दोन हातांवर बसलेले असले तरी. मला ही रीत कधी जड गेली नाही, कारण मी मुळातच बोलणारी नाही. दुकानात मी चिठ्ठी पुढं करते. वळलेल्या विड्या द्यायला विडी कंपनीच्या ब्रँचला गेले आणि तपासणाऱ्यानं माझ्या चांगल्या विड्या छाट म्हणून बाजूला टाकल्या, तरी मी खाली बघून उभी राहते. घरी आल्यावर मनातल्या मनात त्याला उत्तरं देते. त्या एका दिवशी का बोलले, ते इथं लिहून ठेवते. मी चौथीपर्यंतच शाळेत गेले, पण लिहायला मला आवडतं. लिहिताना कुणी मध्येच तोडत नाही.

ह्यांना फिटचा आजार आहे. लग्नाआधीपासून होता, मला लग्नानंतर कळला. तेव्हा मी रडले होते, भांडले नव्हते. पुढं दवाखान्यातल्या डॉक्टरांनी एक गोळी लावून दिली, सकाळी अर्धी आणि संध्याकाळी एक. गोळी सुरू झाली आणि फिटा थांबल्या. एक वर्ष गेलं, दोन गेली, तीन गेली. हे टॉवेलच्या कारखान्यात माग चालवतात, म्हणजे तेव्हा चालवायचे. चालत्या मागाशेजारी माणूस फिट येऊन पडला तर काय होईल, ते मागाजवळ एकदा उभं राहिलेल्याला सांगावं लागत नाही. कळलं तर मागावरनं काढतील म्हणून त्यांनी कारखान्यात आजाराचं नाव काढलेलं नव्हतं. शिवाय कुणाला फिट आली की लोक अजून चप्पल नाकाला लावतात. हे म्हणायचे, अख्ख्या खात्याच्या चपलांचा वास घेत मला पडायचं न्हाय.

त्यामुळं गोळीची पट्टी ते खिशात ठेवत नसत. त्यांच्या शेजारच्या मागावरच्या माणसाच्या पुतण्याला हाच आजार, पट्टी बघितली की तो ओळखणार. म्हणून मेडिकलमधनं तीन महिन्यांच्या गोळ्या आणल्या की मी सगळ्या पट्ट्या फोडून गोळ्या एका स्टीलच्या डबीत काढायचे. संध्याकाळची गोळी कागदात बांधून त्यांच्या डब्यात टाकायची. कुणी विचारलं तर पित्ताची. पट्ट्यांचे रिकामे पत्रे चुलीत.

हे असं तीन वर्षं चाललं आणि काही बिघडलं नाही, कारण डबी कपाटात असायची. ह्या वर्षी मी ती हलवली.

आमची खोली शुक्रवार पेठेत, वर पत्रा. चैत्र लागला की दुपारी पत्र्याखाली हात वर केला तरी धग लागते. कपाटातलं खोबरेल वितळून पाण्यासारखं होतं. मेडिकलवाले काका ह्या खेपेला म्हणाले होते की उन्हाळा कडक आहे, गोळ्या तापू देऊ नका, गारव्याला ठेवा. ते कोरड्या जागी असंही म्हणाले असतील. मला आठवत नाही, आणि मी त्यांच्यावर ढकलणार नाही. पण खरं सांगायचं तर सोलापुरात उन्हाळ्यात कोरड्या जागी ठेवा हे कुणाला सांगावं लागतं? अंगावरचं पातळ दोरीवर टाकून वळेपर्यंत वाळतं.

आमच्या घरात गार जागा एकच होती. मोरीजवळचा कोपरा, जिथं मी तेंदूची पानं ठेवते. पानं भिजवून ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवावी लागतात, नाहीतर वळताना फाटतात. भर दुपारीही त्या पोत्यात हात घातला की विहिरीत घातल्यासारखं वाटतं. शिवाय माझ्या पानांना घरातलं कुणी हात लावत नाही. गोळ्या गारव्याला राहतील आणि आल्यागेल्याच्या नजरेलाही पडणार नाहीत, असा दुहेरी विचार करून मी डबी पोत्याच्या घडीत सरकवली. डबीचं झाकण जुनं, नीट बसत नव्हतं. तंबाखूला ओल लागू नये म्हणून तंबाखूचा डबा मी त्या कोपऱ्यापासून लांब, वर फळीवर ठेवायचे. तंबाखूचं मला कळत होतं. गोळीचं मनात आलं नाही.

महिना-दीड महिना गेला. एकदा सकाळी हे गोळी मोडायला लागले तर मोडेना. नेहमी दोन अंगठ्यांनी दाबली की मधल्या रेघेवर कट्कन तुटायची. म्हणाले, ह्या खेपेच्या गोळ्या लई टणक आल्यात. मी पानं कापायच्या कात्रीनं अर्धी करून दिली. कंपनीनं काहीतरी बदललं असेल असं मी म्हटलं. पुढं रोज कात्रीच लागायला लागली.

मग वैशाखात एका सकाळी चहाची बशी तोंडाला लावलेली असताना ह्यांना फिट आली. तीन वर्षांनी. आम्ही तिघंही, म्हणजे हे, मी आणि आत्याबाई, माझ्या सासूबाई, ती उन्हाच्या माथी मारून मोकळे झालो. झोप झाली नसेल, जेवण कमी झालं असेल. चार दिवसांनी दुसरी आली. ह्या वेळी फिट ओसरल्यावर त्यांना उलटी झाली. मी त्यांना कुशीवर धरून बसले होते, आत्याबाई खाली राख टाकायला आल्या आणि थबकल्या. उलटीत अर्धी गोळी पडली होती. दोन तासांपूर्वी मी कात्रीनं कापलेली, कापलेली कडसुद्धा तशीच.

आत्याबाईंनी ती काडीनं बाजूला केली. म्हणाल्या, "बघ. भाकरी घेतंय त्याचं पोट, गोळी घेत न्हाय."

त्यांनी लगेच अकलूजला फोन लावला.

थोरले दीर, म्हणजे दादा, अकलूजला दूध डेअरीत कामाला आहेत. दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत ते आले. त्यांना मी वाईट म्हणणार नाही. सासरे लवकर गेले, तेव्हा ह्यांना त्यांनीच वाढवलं, स्वतःची शाळा सोडून ह्यांना दहावीपर्यंत शिकवलं. आल्या आल्या त्यांनी ह्यांच्या डोक्यावरनं हात फिरवला आणि बराच वेळ तो तिथंच ठेवला. मग खाटेवर बसून आत्याबाईंना सगळं विचारलं. मी पडद्याआड भाकरी थापत ऐकत होते.

अकलूजजवळच्या एका वस्तीवर एक माणूस फिटवर पुडी देतो. नऊ दिवस नऊ पुड्या. डेअरीतल्या दोघांना गुण आलेला. पण पुडीची एक अट होती. आधी नऊ दिवस इंग्रजी औषध पूर्ण बंद पाहिजे, अंगातनं निघून गेलं पाहिजे. दादांनी ठरवूनच टाकलं होतं. उद्या सकाळच्या गाडीनं ह्यांना घेऊन जायचं, आणि गोळी आजपासून बंद. उद्याचीसुद्धा नाही, आज संध्याकाळचीच नाही.

"तीन वर्सं दगड गिळायला लावलाय तुमी त्याला," ते आत्याबाईंना म्हणाले, म्हणजे मला. "तिला सांग, त्याची कापडं भर."

आत्याबाईंनी मान आत वळवून मला सांगितलं, कापडं भर. मी ऐकलंच होतं.

हे काही बोलले नाहीत. फिटनंतर दोन-तीन दिवस त्यांचं डोकं जड असतं, आणि दादांपुढं ते एरवीही बोलत नाहीत.

मी पिशवी काढली. पण डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलेलं एक वाक्य मला पाठ होतं, की ही गोळी एकदम कधी बंद करायची नाही, केली तर फिटांवर फिटा येतील आणि माणूस हाताला लागणार नाही. तीन वर्षं मी एक दिवस चुकवला नव्हता तो ह्याच भीतीनं. आणि डोळ्यांपुढनं ती अर्धी गोळी हलत नव्हती. पोट गोळी घेत नाही हे आत्याबाईंचं म्हणणं खोटं नव्हतं. डोळ्यांनी बघितलं होतं. मग तीन वर्षं कसं घेत होतं? बदललं होतं ते पोट की गोळी? ह्यांचं पोट तेच होतं. टणक झाली होती ती गोळी.

मी विड्यांच्या जुड्या टोपलीत भरल्या, ब्रँचला जाऊन येते म्हटलं, आणि डबी पदराखाली घेऊन मेडिकलला गेले.

गिऱ्हाईक सरेपर्यंत मी बाजूला उभी राहिले. तीन माणसं माझ्यानंतर आली आणि माझ्याआधी गेली. मग काकांनीच विचारलं, चिठ्ठी आहे का. मी डबी पुढं केली. त्यांनी एक गोळी उचलली, दोन नखांत धरून दाबली, टेबलावर टिचकी मारली. पट्टीतनं का काढल्या आणि कुठं ठेवल्या, हे त्यांनी विचारलं. मी सांगितलं. पानांच्या पोत्याचं सांगताना माझा आवाज इतका बारीक झाला की त्यांना दोनदा विचारावं लागलं.

ते रागावले नाहीत. म्हणाले, ओल लागली की सगळ्या गोळ्या मऊ पडतात असं नाही. ह्या गोळीचं उलटं आहे. ही ओल ओढते आणि आतून घट्ट होते. वरून बघाल तर कळणार नाही. पण पोटात गेली की फुटत नाही.

"आणि ताई, गोळी नुसती पोटात जाऊन भागत नाही," ते म्हणाले. "ती तिथं फुटली पाहिजे, विरघळली पाहिजे. तेव्हा औषध रक्तात जातं. तुमच्या मिस्टरांच्या पोटात गोळी रोज जात होती, औषध पुरतं जात नव्हतं."

दोन फिटा मी आणल्या होत्या, माझ्या हातानं, काळजी घेता घेता.

मग त्यांनी सांगितलं, खात्री करायची तर एक पट्टीतली नवी गोळी आणि एक ह्यातली, दोन ग्लासांत पाणी घेऊन टाका. ही काही कंपनीतल्या मशीनची परीक्षा नाही, पण तुम्हाला दिसेल. आणि जुन्या गोळ्या वापरू नका, उद्याच डॉक्टरांना दाखवा, मध्ये एकही वेळ चुकवू नका. त्यांनी नवी पट्टी दिली आणि बजावलं की खायच्या वेळीच फोडायची.

घरी येताना मी रस्त्यात एकदा थांबले. न सांगून चालण्यासारखं होतं. जुन्या गोळ्या मोरीत टाकायच्या, संध्याकाळी ह्यांना गुपचूप नवी गोळी द्यायची, माझी चूक कुणाला कळली नसती. पण मग उद्या हे गाडीत बसून अकलूजला गेले असते, आणि तिथं गोळी द्यायला मी नसते. गोळी वाचवायची तर तिला माझ्या चुकीतनं सोडवायला पाहिजे होतं, आणि चूक सांगितल्याशिवाय ते होणार नव्हतं. ह्या घरात मला कधी फार मान नव्हता. जो होता तो एवढाच, की ही हातानं नीट आहे, ह्याची औषधं चुकवत नाही. तो आता जाणार होता. जाऊ दे, असं मी मोठ्यानं म्हटलं. शेजारनं जाणाऱ्या बाईनं वळून बघितलं.

घरात दादा आणि आत्याबाई चहा घेत होते, हे भिंतीला टेकून बसले होते. मी पदर सारखा केला, पण पडदा ओलांडून पुढच्या बाजूला आले. दोन काचेचे ग्लास फरशीवर ठेवले, दादांच्या पायांपासून हातभर. पाणी ओतलं. आत्याबाई म्हणाल्या, हे काय, आत जा की. मी बसले.

"दादा, जरा बघा," मी म्हणाले.

ते माझ्याकडं न बघता आत्याबाईंकडं बघायला लागले. त्यांनाही काय करावं कळेना. मी पट्टी फोडून एक गोळी डाव्या ग्लासात टाकली, डबीतली उजव्यात. डाव्यातली तळाशी गेली, तिच्या कडेनं भुगा सुटला आणि बघता बघता ती भिजल्या भिंतीच्या पोपड्यासारखी उसवायला लागली. चहा संपायच्या आत तिथं नुसता पांढरा गाळ राहिला. उजव्यातली तशीच. मधली रेघसुद्धा दिसत होती. मी ग्लास हलवला, ती काचेवर खडखड वाजली.

मग मी सांगितलं. पट्ट्या का फोडत होते, डबी कुठं ठेवली, मेडिकलवाले काय म्हणाले, सगळं. एकदा सुरू केल्यावर थांबले नाही, थांबले असते तर पुन्हा सुरू करता आलं नसतं.

"म्हंजे तू केलंस हे," दादा म्हणाले. पहिल्यांदाच सरळ मला.

"व्हय. मी केलं. गोळीनं न्हाय केलं. शिक्षा द्यायची तर मला द्या, गोळी बंद करू नका."

आत्याबाईंनी कपाळावर हात मारला. माझा लेक पानांत गुंडाळून ठेवलास की, असं म्हणाल्या, आणि पुढं माझ्या माहेरापर्यंत गेल्या. मी ऐकून घेतलं. त्यात खोटं फार थोडं होतं.

दादांनी खिशातनं एक घडी केलेला कागद काढला. पुडीवाल्यानं नमुन्याला एक दिली होती. त्यांनी ती उजव्या ग्लासात, टणक गोळीच्या वरच, झटकली. पिवळट पूड पाण्याला लागली आणि दिसेनाशी झाली.

"घ्या," ते म्हणाले. "विरघळायचंच बघायचं हाय न्हवं? ही तर टाकल्या टाकल्या विरघळली."

त्यांच्या तोंडावर हसू होतं. मला उत्तर सुचायला वेळ लागतो, ब्रँचमधली उत्तरं मला घरी येऊन सुचतात. ह्या वेळी तिथंच सुचलं.

"साखरपण विरघळती, दादा. त्या पुडीत काय हाय, ते त्यानं सांगितलं का?"

आत्याबाईंच्या घशात चहा अडकला की त्या हसल्या, ते मला आजवर कळलेलं नाही. दादा उठले आणि दारात जाऊन पाठमोरे उभे राहिले. मला त्यांची दया आली. ते भावाला वाचवायलाच आले होते.

मी ह्यांच्याकडं वळले. आता बोलायची पाळी त्यांची होती, आणि ते बोलले नाहीत तर माझं सगळं बोलणं पाण्यात जाणार होतं. मी पट्टी त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी ती उलटसुलट करून बघितली. संध्याकाळच्या गोळीची वेळ व्हायला अजून तास होता, पण त्यांनी पट्टी फोडली, गोळी तळहातावर घेतली आणि पाणी मागितलं. गिळल्यावर दाराकडं बघून म्हणाले, "दादा, मी उद्या दवाखान्यात जातो. तू चल संगट."

दादा आले नाहीत. सकाळच्या गाडीनं एकटेच परत गेले. जाताना आत्याबाईंना म्हणाले, पुन्हा फिट आली तर मला फोन करायचा न्हाय. आम्ही दोघं दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी मला चांगलंच झापलं, रक्त तपासायला दिलं आणि गोळी तीच ठेवली, तेवढीच, पण पट्टीतनं.

पट्टीवरनं मग घरात भांडण झालं. कारखान्यात पट्टी न्यायची नाही असं ह्यांचं म्हणणं. मी म्हटलं, लपवायच्या पायी ती डबी झाली, डबीच्या पायी हे झालं. आता पट्टी न्यायची, खिशातनं दिसली तर दिसू द्या. आठ दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मग एके दिवशी पट्टी शर्टाच्या खिशात घालून गेले. पंधरा दिवसांत कारखान्यात कळलं, आणि मालकानं त्यांना मागावरनं काढून टॉवेलच्या घडीवर बसवलं. ह्यांना ते लागलं. माग चालवणाऱ्या माणसाला घडीवर बसणं म्हणजे बायकांत बसल्यासारखं. मला लागलं नाही. घडी करताना माणूस पडला तर टॉवेलावर पडतो.

आमच्यात आता सगळ्यांना माहीत आहे की मी नवऱ्याच्या गोळ्या पानांत सडवल्या. श्रावणात अकलूजला पूजा होती. पंगतीत मी वाढत होते, आणि थोरल्या जाऊबाई सगळ्या बायकांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "हिच्यापसनं आपापल्या गोळ्या लांब ठेवा गं बायांनो."

बायका हसल्या. पूर्वीची मी असते तर वाढप टाकून मोरीपाशी जाऊन उभी राहिले असते.

"लांब ठेवा," मी म्हटलं. "पर मोरीपसनंबी लांब ठेवा. आणि पट्टीतनं काढू नका."

पुढच्या बाईला भात पाहिजे होता. मी भात वाढला.